जुन-प्योच्या वागण्याला बंडखोरी म्हणायचे की दांडगाई?

शहापूरची आत्या

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या सुटीत माझी भाची निपाणीहून आमच्याकडे राहायला आली होती. नववीची परीक्षा संपलेली आणि दुपारी बाहेर पडण्याची सोय नाही, त्यामुळे आम्ही दोघींनी पडदे ओढून ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ ही कोरियन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे 25 भाग, पाहून संपवली. मालिका 2009 च्या जानेवारी ते मार्च या काळातली आहे, म्हणजे भाचीच्या जन्माआधीची. तरीही तिच्या वर्गातल्या मुलींमध्ये मालिकेचा नायक गू जुन-प्यो याचे नाव घरच्या माणसाप्रमाणे घेतले जाते.

सांगायचे ते असे की, मालिका चालू असताना मी दोन-तीनदा “हा मुलगा फार वाईट वागतो” असे म्हटले आणि प्रत्येक वेळी भाचीने मला थांबवले. “आत्या, तो वाईट नाही गं, तो बंडखोर आहे,” हे तिचे उत्तर ठरलेले होते. मला ते पटले नाही, पण का पटले नाही हे तिला नीट सांगताही आले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. शिन्ह्वा हा तेथील एक प्रचंड उद्योगसमूह असून त्याच समूहाची एक श्रीमंती शाळा आहे. समूहाचा वारस जुन-प्यो आणि त्याचे तीन मित्र मिळून ‘एफ फोर’ म्हणवतात. त्यांची मर्जी खप्पा झाली की त्या विद्यार्थ्याच्या कपाटात लाल कार्ड लागते, आणि त्या क्षणापासून सगळी शाळा त्याच्यावर तुटून पडते. पहिल्याच भागात असा एक मुलगा छळाला कंटाळून शाळेच्या गच्चीवर जीव द्यायला उभा राहतो. कपडे पोहोचवायला आलेली ड्रायक्लीनिंगवाल्याची मुलगी गुम जान-दी त्याला वाचवते. बाहेर बोभाटा होतो आणि लोकांचा राग शांत करण्यासाठी तिलाच पोहण्याची शिष्यवृत्ती देऊन त्या शाळेत घेतले जाते. पुढे एका मुलीच्या हातून जुन-प्योच्या बुटावर आइस्क्रीम सांडते, तर हा तिला ते चाटून साफ करायला सांगतो. जान-दी मध्ये पडते, तिलाही लाल कार्ड मिळते, आणि मग अंडी, पीठ, जे हाती लागेल ते तिच्यावर फेकले जाते.

आता माझा प्रश्न. बंडखोर म्हणजे आपल्यापेक्षा वरच्याशी भांडणारा, अशी माझी समजूत आहे. शाळा ज्याच्या घरची, मास्तर ज्याच्यापुढे मान खाली घालणारे, त्याने कोणाविरुद्ध बंड केले? आणि दुसरे असे की, तो प्रेमात पडल्यानंतर मालिका त्याच्याकडून मागच्या कृत्यांची काही किंमत वसूल करते, की प्रेमाच्या नावाखाली सगळे माफ होऊन जाते? कृपा करून मालिकेत जे दाखवले आहे त्याच्या आधाराने सांगावे. “हल्लीच्या मुलांना काय पाहायचे तेच कळत नाही” ही उत्तरे मला घरातच पुष्कळ मिळतात.

टिळकवाडी 06

आत्या, मी ही मालिका चार वेळा पाहिली आहे, तेव्हा माझे मत एकतर्फी आहे हे आधीच कबूल करतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ही कथा कोरियात जन्मलेली नाही. योको कामियो या जपानी लेखिकेची ‘हाना योरी दांगो’ नावाची चित्रकथा 1992 पासून मुलींच्या नियतकालिकात क्रमशः येत होती. तीवरून 2001 मध्ये तैवानमध्ये, 2005 मध्ये जपानमध्ये आणि नंतर कोरियात मालिका निघाली. ‘फुलांपेक्षा दांगो बरे’ ही जपानी म्हण आहे आणि दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे. आपल्या ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ला जवळची. लेखिकेने त्यातला ‘दांगो’ हा शब्द मुलगे या अर्थाच्या अक्षरांनी लिहून कोटी केली. हे सांगण्याचे कारण असे की, ज्या कथेच्या नावातच थट्टा आहे तिचा नायक आदर्श म्हणून उभा केलेला नाही. तो कुरळ्या केसांचा, हट्टी आणि अर्धवट असा मोठ्या अंगाचा लहान मुलगा आहे. त्याला एकही म्हण धड म्हणता येत नाही. तो मोठ्या ऐटीत चुकीची म्हण ठोकून देतो आणि मित्र कपाळाला हात लावतात. आपण त्याला हसावे अशीच त्याची घडण आहे.

दुसरी गोष्ट बंडखोरीची. आपण म्हणता ते पहिल्या भागांपुरते मला पूर्ण मान्य आहे. तेव्हा तो बंडखोर नाही, तो राजा आहे. पण त्याची आई आठवून पाहा. शिन्ह्वाच्या त्या अध्यक्षीणबाई परदेशातून येतात त्या फक्त हुकूम सोडायला. मुलाने काय खाल्ले हे विचारताना त्या मला तरी एकदाही दिसल्या नाहीत. त्याला माया लावली ती थोरल्या बहिणीने. जान-दीला दूर करण्यासाठी अध्यक्षीणबाई तिच्या घरी पैसे घेऊन जातात, तेव्हा जान-दीची आई ते पैसे नाकारून त्यांच्या डोक्यावर मीठ ओतते, हे दृश्य कोणी विसरू शकेल असे मला वाटत नाही. त्या आईच्या विरोधात, ठरवून दिलेल्या लग्नाच्या विरोधात जुन-प्यो जेव्हा उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातातून खरोखरच काहीतरी जाण्यासारखे असते. म्हणून आपल्या भाचीचा शब्द चुकीचा नाही, फक्त तिने तो दहा भाग आधी वापरला.

कॅम्पातला

मंडळींनी एवढे लांबलचक लिहिले आहे म्हणून भीत भीत सांगतो की, सगळ्यांत चांगला मुलगा एफ फोरमधला जी-हू होता आणि जान-दीने त्याच्याशी लग्न केले असते तर ही चर्चा करण्याची वेळच आली नसती.

अनगोळ लॉन्ड्री

आत्याबाई, मी मालिका बायकोच्या आग्रहाने पाहिली आणि पहिल्या भागातच अडकलो, याचे कारण धंदा. आमचे अनगोळात इस्त्री आणि धुलाईचे दुकान आहे, वडिलांपासूनचे. त्यामुळे जान-दी कव्हर घातलेले कपडे घेऊन त्या शाळेत शिरते तेव्हा माझे लक्ष तिच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या हाताकडे होते. हँगर पुढे धरून, कव्हर दाराच्या कडीत अडकू न देता चालण्याची एक पद्धत असते. ज्याने कपडे पोहोचवले आहेत त्याला ती आपोआप येते.

मी कॉलेजात असताना संध्याकाळी एका वसतिगृहात कपडे पोहोचवायला जात असे. कॉलेजाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. कॉलरच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने आम्ही खूण करायचो, त्या खुणेवरून खोली नंबर वहीत लिहिलेला असायचा. एका मुलाने एक दिवस पांढरा शर्ट उलगडला, बाहीवर दुहेरी घडी पडली आहे असे म्हणाला आणि शर्ट माझ्या तोंडावर फेकला. शर्टाने काही लागत नाही. पण व्हरांड्यात आठ-दहा मुले होती आणि ती हसली. त्यांतले दोघे माझ्याच वर्गातले होते. मी शर्ट उचलला, घरी आणला, कोळशाची इस्त्री पुन्हा पेटवली, घडी काढली आणि रात्री साडेआठला परत नेऊन दिला. घडी खरोखरच दुहेरी पडली होती हेही येथे सांगितले पाहिजे, ती वडिलांच्या हातून पडली होती.

पुढच्या आठवड्यात तोच मुलगा मला खडेबाजारात भेटला, खांद्यावर हात टाकून म्हणाला, “काय रे, चहा घेणार काय?” त्याला काही आठवतच नव्हते. सोंग नव्हते ते. मनाने वाईटही नसावा. मी चहा घेतला.

आता मालिकेकडे येतो. शेवटच्या भागांत जुन-प्योची स्मरणशक्ती जाते आणि बाकी सगळे लक्षात राहून एकटी जान-दी तेवढी तो विसरतो. सगळ्या प्रेक्षकांना तो भाग रडवतो. मला मात्र वाटले की हा मुलगा विसरण्यात पहिल्यापासूनच पटाईत आहे. गच्चीवर जीव द्यायला गेलेल्या मुलाबद्दल तो नंतर किती वेळा बोलतो, हे कोणी मोजले आहे काय?

किंमत वसूल होते काय, असे आपण विचारले आहे. होते, पण ती कोणाकडून होते ते बघा. जुन-प्योने पूर्वी केलेल्या छळाचा सूड उगवण्यासाठी काही जण जान-दीला पळवून नेतात. जुन-प्यो तिला सोडवायला एकटा जातो आणि हात न उचलता मार खातो. येथपर्यंत ठीक आहे, आपल्या कर्माचे फळ तो स्वतः घेतो आहे. पण त्याच्यावर खुर्ची उगारली जाते तेव्हा जान-दी मध्ये पडते, घाव तिच्या खांद्यावर बसतो आणि तिचे पोहणे कायमचे सुटते. ज्या पोहण्याच्या जोरावर ती गरिबाची मुलगी त्या शाळेत टिकून होती, तेच गेले. छळ केला कोणी, आणि खांदा गेला कोणाचा? आमच्याकडे याला ‘आयजीच्या जिवावर बायजी उदार’ म्हणतात. त्याच्या पश्चात्तापाचे बिल लॉन्ड्रीवाल्याच्या मुलीने भरले, आणि मालिका ते प्रेमाच्या खात्यात जमा करून मोकळी झाली.

टिळकवाडी 06

दादा, खांद्याचा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. मी त्या दृश्याकडे आजवर तिने दिलेला प्रेमाचा पुरावा म्हणूनच पाहत आलो. एक मात्र जोडतो की, मालिका शेवटी तिला वैद्यकीय शिक्षणाकडे नेते, म्हणजे तिचे आयुष्य त्या खांद्यापाशी थांबत नाही. पण ती वाट तिने स्वतः काढली, जुन-प्योने नव्हे, हे मान्य करावे लागेल. तो तर हेलिकॉप्टरमधून उतरून लग्नाची मागणी घालतो.

खानापूरचे निवृत्त मास्तर

ही चर्चा माझ्या सुनेने मला वाचून दाखवली आणि नंतर मी मालिकेचे पहिले चार भाग पाहिले. त्यापुढे पाहण्याची चिकाटी माझ्यात नाही, तेव्हा प्रेमप्रकरणाविषयी मी बोलत नाही. शाळेविषयी मात्र चार शब्द लिहितो, कारण तालुक्यातल्या मराठी शाळांत माझी हयात गेली.

आपण सर्वजण त्या मुलाविषयी बोलत आहात. मला त्याच्यात विशेष काही दिसले नाही. तसा मुलगा प्रत्येक शाळेत दर पाच-सात वर्षांनी एक येतोच. मला भीती वाटली ती लाल कार्डाच्या पद्धतीची. कार्ड लागल्यानंतर जुन-प्यो स्वतः फारसे काही करत नाही. अंडी फेकतात ती इतर मुले, ज्यांचे त्या मुलीशी काडीचेही भांडण नाही. पुढचे कार्ड आपल्या कपाटात लागू नये एवढ्यासाठीच ती फेकतात. याला दांडगाई म्हणणेही अपुरे आहे, कारण दांडगट निदान स्वतःच्या हाताने मारतो.

भाषेचा एक बारकावा येथे सांगावासा वाटतो. सून म्हणाली की कोरियन भाषेत लहानमोठ्याप्रमाणे क्रियापद बदलते आणि इंग्रजी उपशीर्षकांत ते सगळे सपाट होऊन जाते. आपल्या बेळगाव भागातल्या पोरालाही हे समजावून सांगावे लागत नाही. कन्नडमध्ये ‘बा’ (ये) केव्हा म्हणायचे आणि ‘बर्री’ (या) केव्हा, हे एसटीचा पास काढायच्या वयातच त्याला कळते. जान-दी वरच्या वर्गातल्या जी-हूला ‘सन्बे’ म्हणते, म्हणजे वडीलकीचा मान देते, आणि जुन-प्योला मात्र आडनावासकट गू जुन-प्यो म्हणून हाक मारते. माझ्या मते या मालिकेतले खरे बंड त्या हाकेत आहे. बंडखोर विद्यार्थी शोधायचाच असेल तर ती मुलगी आहे.

कायद्याचेही सांगतो. कर्नाटकाच्या 1983 च्या शिक्षण कायद्यात रॅगिंगची व्याख्या करताना थट्टेच्या नावाने केलेला प्रकारही धरला आहे. विद्यार्थ्याच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे किंवा त्याला हास्यास्पद करणारे कृत्य त्याच्याकडून बळजबरीने करवून घेणे, असा त्याचा आशय आहे. बुटावरचे आइस्क्रीम चाटायला लावणे यात तंतोतंत बसते. ही मालिका कोरियात संपली त्याच 2009 सालच्या जूनमध्ये आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम काढले. कॉलेजात प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक जे प्रतिज्ञापत्र भरतात ते त्यातूनच आले. कोरियातही शालेय हिंसेविरुद्धचा कायदा 2004 सालीच झालेला होता. म्हणजे कायदा तेथेही होता, येथेही आहे. मालिकेतल्या शाळेत नाहीत ते मास्तर. वर्ग आहेत, फळे आहेत, पण छळ चालू असताना एकही शिक्षक मध्ये येत नाही.

यावर मी बोट ठेवतो आहे, तेव्हा स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी दोन वर्गखोल्यांवर पत्रे घालून दिले होते; त्याआधी जूनमध्ये आम्ही मुलांना एका कोपऱ्यात गोळा करून, गळणाऱ्या जागी बादल्या ठेवून शिकवत होतो. खानापुरातला पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला त्या पत्र्यांची किंमत सांगायला नको. हा मुलगा नुसती मान हलवायचा आणि दुसरी पोरे जंगलाकडच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलाच्या सायकलची हवा सोडायची. रोज. तो मुलगा सायकल हातात धरून पायी घरी जायचा. मी व्हरांड्यातून पाहत असे. एकदा पंप आणून मी स्वतः त्याच्या चाकात हवा भरून दिली आणि आपण मोठे काम केले असे समजून घरी गेलो. मान हलवणाऱ्याला मी कधी बोलावून घेतले नाही. वर पत्रे होते ना.

शहापूरची आत्या

मास्तर, लॉन्ड्रीवाले दादा आणि टिळकवाडीकर, आपण तिघांनीही मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. भाचीला फोनवरून सगळे वाचून दाखवले. मास्तरांचे पोस्ट संपल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग “पण मास्तरांनी हवा तरी भरली” एवढेच म्हणाली.

काल रविवारी ती पुन्हा आली तेव्हा आम्ही पहिला भाग परत लावला. मी तिला एवढेच सांगितले होते की या वेळी जुन-प्योकडे बघायचे नाही, मागे उभ्या असलेल्या मुलांकडे बघायचे. गच्चीचा प्रसंग आला. जान-दी त्या मुलाला मागे खेचते तेथे भाचीने चित्र थांबवले आणि मला विचारले, “आत्या, या मुलाचं नाव काय गं?”

मला आठवेना. तिलाही आठवेना. चौघा मित्रांची नावे, जुन-प्योच्या बहिणीचे नाव, आईचे नाव, सगळे तिला तोंडपाठ आहे. शेवटी भाग मागे नेऊन पुन्हा ऐकावा लागला.

टिळकवाडी 06

चार वेळा पाहूनही मला ते नाव सांगता येत नाही, आत्या. आज रात्री पहिला भाग लावतो.